ॲब्लेशननंतर छातीत टोचणं

एएफच्या (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) ॲब्लेशननंतर, म्हणजे नळी घालून हृदयातला थोडा भाग निकामी करतात त्या उपचारानंतर, चौथ्या दिवशी वडिलांना खोल श्वास घेतला की छातीत टोचतं, असं तुम्ही लिहिलंय. माझंही तसंच झालं होतं. आडवं झालं की कळ वाढायची, उशी पोटाशी धरून पुढे वाकलं की बरं वाटायचं. हृदयाच्या आवरणाला सूज येते, त्याची ही खूण. बहुतेकदा काही दिवसांत ओसरते. तरी डॉक्टरांना फोन कराच. मनाने ब्रुफेन मात्र देऊ नका, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल ना! छातीवर दाब, धाप, चक्कर असेल तर थेट इमर्जन्सी.

आणि हो, पुढचे दोन महिने ताप आला, गिळताना दुखलं किंवा बोलताना जीभ अडखळली, तर ॲब्लेशन झाल्याचं आधी सांगा. क्वचित अन्ननलिकेला इजा झालेली असते. तेव्हा एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बिणीची नळी घालून तपासणी) धोक्याची, छातीचा सीटी स्कॅन करतात.