फाँडंटला घाम का फुटतो?

तुम्ही विचारलंय की फ्रिजमधून काढल्यावर केकवरचं फाँडंट चिकट का होतं आणि त्याला भेगा का पडतात. फाँडंट म्हणजे लाटून केकवर चढवतात तो साखरेचा मऊ गोळा. त्यात जवळजवळ सगळी साखरच, आणि साखर ओलावा ओढून घेते. थंडगार केक उबदार हवेत आला की त्यावर दव धरतं आणि वरचा थर पाझरायला लागतो. फ्रिजमध्ये ठेवावाच लागला तर पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर केक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत खोकं उघडू नका. घाम आलाच तर पुसायला जाऊ नका, डाग पडतात (मी पुसलं होतं!). पंख्याखाली आपोआप सुकतं.

दुसरं म्हणजे, आत काय लावलंय? व्हिप्ड क्रीमवर फाँडंट टिकत नाही, त्यातल्या पाण्याने ते विरघळतं. बटरक्रीम (लोणी-साखरेचं क्रीम) किंवा गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) लावून केक आधी घट्ट होऊ द्या.

भेगांबद्दल: लाटताना कॉर्नफ्लोअर फार भुरभुरलं की फाँडंट कोरडं पडतं. त्यापेक्षा हाताला किंचित व्हेजिटेबल शॉर्टनिंग (घट्ट वनस्पती तूप) चोळून मळा. जाडी ३-४ मिमी पुरे. पातळ लाटलं तर आतले सगळे उंचवटे दिसतात.

फाँडंटच्या फुलांसाठी मात्र थोडी सीएमसी पावडर (फाँडंट कडक करणारी पावडर) मिसळा, नाहीतर पाकळ्या माना टाकतात.