एलएसयू 2019: पाच रिसीव्हर पसरवून काय साधलं?

प्रश्न: 15-0 च्या (सगळे 15 सामने जिंकलेल्या) हंगामात एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉल टीम, अनेकदा रनिंग बॅकलाही (चेंडू घेऊन पळणारा) रिसीव्हर (पास झेलणारा) म्हणून बाहेर उभं करायची. मग क्वार्टरबॅक (पास फेकणारा) जो बरोच्या रक्षणाला पाचच लाइनमन (पुढे उभे राहून अडवणारे) उरतात. हे चाललं कसं?

तिसराडाउन: खरा फायदा स्नॅपच्या (चेंडू खेळात येण्याच्या) आधीच मिळतो. रनिंग बॅक एडवर्ड्स-हेलेअर कडेला गेला आणि त्याच्यामागे लाइनबॅकर (मधल्या फळीतला बचावपटू) धावला तर बहुधा मॅन कव्हरेज, म्हणजे प्रत्येक बचावपटू एकेका खेळाडूवर. कडेचा बचावपटू, कॉर्नरबॅक, जागचा हलला नाही तर झोन, म्हणजे प्रत्येकाने आपापली जागा राखायची. शिवाय मधली जागा रिकामी होते ती वेगळीच.

गोलरेषा: धोका मात्र खरा. सहावा बचावपटू धावून आला की त्याला अडवायला कोणीच नाही. चेंडू लगेच सुटला नाही तर सॅक, म्हणजे क्वार्टरबॅक चेंडूसकट खाली. अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी क्लेम्सन एका टप्प्यावर 17-7 पुढे होती, हे विसरू नका.

तिसराडाउन: हो, पण जास्त माणसं पुढे पाठवली की मागे एकास एक. रिसीव्हर जमार चेसला तसं सोडणं म्हणजे आत्मघातच! त्या सामन्यात त्याचे 9 झेल, 221 यार्ड. निकाल एलएसयूच्या बाजूने 42-25.

प्रश्नकर्ता: आणि आठ जण मागे ठेवले तर?

गोलरेषा: मग तिघेच धावून येतात. मग बरो स्वतः चेंडू घेऊन पळायचा.