घराजवळची मनपा शाळा सोडून लांबची मनपा शाळा घेता येते का?

दिघोरीची आई
माझी पोरगी यंदा पाचवी झाली. जवळच्या मनपा शाळेत सहावी-सातवी एकाच खोलीत, एकच मॅडम. फळ्याच्या मधोमध खडूची रेघ, इकडं सहावीचं गणित, तिकडं सातवीचं. मी नागपुरात मेडिकल चौकाकडे एका मेसमध्ये पोळ्या करते. तिथून जवळ मनपाचीच दुसरी शाळा आहे, विज्ञानाला वेगळे सर आहेत. मी स्वतः पाहून आली. सकाळपाळी आहे, कामावर जाताना सोडीन, येताना घेईन. तिथले मुख्याध्यापक म्हणाले, आणा. इथले म्हणतात, "एक किलोमीटरच्या बाहेर नाव घालता येत नाही." तीन चकरा झाल्या, टीसी देत नाहीत. खरंच असा नियम आहे काय?

रिटायर गुरुजी, जि.प.
नाही ताई. पहिली ते पाचवी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवी ३ किलोमीटरच्या आत शाळा देणं हे सरकारवरचं बंधन आहे, तुमच्यावर नाही. खासगी शाळांच्या २५ टक्के राखीव जागांना अंतर पाहतात, तोच नियम लोक इकडं चिकटवतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ पहा. मुख्याध्यापकानं टीसी लगेच द्यायची, उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई. आणि टीसी नाही म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. अर्ज लेखी द्या, आवक क्रमांक (अर्ज मिळाल्याचा नोंद क्रमांक) घ्या. नव्या शाळेला विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर ट्रान्सफर रिक्वेस्ट टाकायला सांगा.

आता त्या मुख्याध्यापकांचं दुखणं सांगतो. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. काठावरच्या शाळेत एक-दोन पोरं गेली की शिक्षकाचं पद जातं, माणूस अतिरिक्त ठरतो, मग समायोजनात, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवताना, कुठं जाईल नेम नाही. मीही एका पोराची टीसी दोन आठवडे दाबून ठेवली होती. त्याचा बाप रोज येऊन व्हरांड्यात बसायचा, बोलायचा काहीच नाही.

सक्करदऱ्याचा बाप
कायदा ठीक आहे राजेहो, पण ज्यांना कोणी सोडणारं आहे तेच जातील. तुमची पोरगी गेली की त्या खोलीत राहिलेल्यांची मॅडमही जाते. निवड द्यायची तर बसही द्या. आमच्या पोरानं दुसरी शाळा धरली, पावसाळ्यात बसची वाट पाहून पाहून महिन्याभरात परत जवळच्या शाळेत.

रिटायर गुरुजी, जि.प.
हे खरं आहे. पण त्यासाठी या पोरीनं रेघेच्या अलीकडे दोन वर्षं बसावं, हे मला पटत नाही.

दिघोरीची आई
आवक क्रमांक घेतला, दुसऱ्या दिवशी टीसी मिळाली. सरांनी चहा पाजला आणि म्हणाले, "तिच्या मैत्रिणीला तेवढी नेऊ नका." रात्री त्या मैत्रिणीचीच आई घरी आली विचारायला. तिचं काम कळमना मार्केटला, उलट्या दिशेला. मी म्हटलं, माझ्यासोबत पाठव. पण माझी सुट्टी पडली त्या दिवशी तिला कोण नेईल, तिथंच अडलं आहे.