मागच्या खोलीसाठी जुना राउटर जोडताना

सदनिका ५०३: सर्वांना नमस्कार. आमचा राउटर दिवाणखान्यात आहे आणि मागच्या खोलीपर्यंत मध्ये तीन भिंती येत असल्याने तिथे वायफाय जेमतेम पोहोचते. घरात एक जुना राउटर पडून होता, म्हणून काल दिवाणखान्यापासून केबल ओढून तो मागच्या खोलीत जोडला. इंटरनेट लगेच सुरू झाले. परंतु मागच्या खोलीतल्या लॅपटॉपला दिवाणखान्यातला प्रिंटर दिसत नाही आणि त्या वायफायवरून मोबाइलमधले चित्र टीव्हीवरही पाठवता येत नाही. माझे कुठे चुकले असावे?

सदनिका २०१: ताई, जुन्या राउटरला केबल कोणत्या खाचेत लावली आहे? वेगळ्या रंगाच्या, ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ असे लिहिलेल्या खाचेत का?

सदनिका ५०३: होय काका, त्याच खाचेत. इंटरनेट तिथूनच येणार, असे मी गृहीत धरले.

सदनिका २०१: गृहीतक स्वाभाविक आहे, पण गोंधळ तिथेच झाला. त्या खाचेत केबल लावली की जुना राउटर स्वतःचे स्वतंत्र नेटवर्क उभे करतो. एकाच आवाराच्या आत दुसरे कुंपण घालून तिथे वेगळा पहारेकरी बसवावा, तसे हे होते. आतली माणसे बाहेर जाऊ शकतात, म्हणून इंटरनेट चालते. मात्र प्रिंटर आणि टीव्ही ‘मी इथे आहे’ अशी जी हाक घरातल्या नेटवर्कवर देत असतात, ती कुंपण ओलांडत नाही. पत्त्यांची अदलाबदल दोनदा होत असल्यामुळे काही ऑनलाइन खेळ आणि घरातले कॅमेरे बाहेरून पाहण्याची सोय यांतही अडथळे येतात.

आपल्याला दुसरा पहारेकरी नको, फक्त दुसरे दार हवे आहे. त्यासाठी जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ आहे का, ते आधी पाहावे. असल्यास तो निवडावा; पुढचे बहुतेक सर्व तो राउटर स्वतःच करतो.

तो पर्याय नसेल, तर हेच काम हाताने करता येते. जुना राउटर मुख्य राउटरपासून सोडवून केवळ लॅपटॉपला केबलने जोडावा आणि मागच्या बारीक छिद्रातले बटण सुमारे १० सेकंद दाबून त्याच्या जुन्या सेटिंग पुसून टाकाव्यात. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल आणि तो उपकरणांना शेवटचा आकडा १०० ते १९९ असलेले पत्ते वाटत असेल, तर जुन्याला त्या टप्प्याबाहेरचा, म्हणजे उदाहरणार्थ १९२.१६८.१.२ हा पत्ता द्यावा. पत्ता बदलताच ब्राउझरमधले सेटिंगचे पान अडकल्यासारखे वाटेल. घाबरू नये, नव्या पत्त्यावर ते पुन्हा उघडावे. त्यानंतरच जुन्या राउटरचे डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे. हा क्रम मोडू नये, कारण डीएचसीपी आधी बंद केले तर लॅपटॉपला पत्ता मिळणे थांबते आणि पत्ता हाताने घालून त्या पानावर परतण्याचा खटाटोप करावा लागतो. शेवटी मुख्य राउटरच्या लॅन खाचेतून, म्हणजे घरातली उपकरणे जोडण्याच्या खाचेतून, निघालेली केबल जुन्याच्याही लॅन खाचेतच लावावी आणि वॅनची खाच रिकामी ठेवावी.

सदनिका ४०४: केबलशिवाय हे जमणार नाही का? आमच्याकडे भिंतीतून केबल नेण्याची सोय नाही.

सदनिका २०१: जमते, रिपीटर पद्धतीने, पण मी ती नाइलाज म्हणूनच सुचवेन. रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय तो सिग्नल दुबळा असलेल्या कोपऱ्यात ठेवण्यात अर्थ नसतो, कारण जे नीट ऐकूच येत नाही ते तो पुढे काय सांगणार? मुख्य राउटर आणि ती खोली यांच्या साधारण मध्यावर त्याला जागा द्यावी. केबल शक्य असेल, तर तिला पर्याय नाही. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे घरात लांबीचा प्रश्नच येत नाही. फक्त ती विजेच्या तारांच्या नळीतून नेऊ नये.

आणखी एक अनुभव. ‘दोन केबल जोडल्या तर दुप्पट वेग मिळेल’ अशा समजुतीने मी एकदा दोन राउटरांमध्ये दोन केबल लावल्या होत्या. माहिती त्या फेऱ्यात गोल फिरत राहिली आणि काही क्षणांत घरातले सगळेच नेटवर्क ठप्प झाले.

सदनिका ५०३: काका, मनापासून आभार. सांगितलेल्या क्रमाने सर्व केले. प्रिंटर दिसू लागला आणि टीव्हीही जोडला गेला. दोन शंका उरल्या आहेत. लॅपटॉप थेट जुन्या राउटरला केबलने जोडला, तरी वेग ९४ एमबीपीएसच्या वर जात नाही. आपले कनेक्शन मात्र २०० चे आहे. शिवाय वायफायला दोन्हीकडे एकच नाव द्यावे की वेगवेगळे?

सदनिका २०१: ९४ हा आकडा बोलका आहे. वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसची मर्यादा आहे. जुन्या राउटरच्या खाचाच तेवढ्या क्षमतेच्या असतील, तर उपाय नाही. परंतु खाचा गिगाबिटच्या, म्हणजे १००० एमबीपीएसच्या असतील, तर केबल तपासावी: गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात, म्हणून उरलेल्या चारांपैकी एखादी तार तुटली तरी जोडणी बंद न पडता निमूटपणे १०० वर उतरते.

नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे एकच ठेवावा, म्हणजे मोबाइल आपोआप एकीकडून दुसरीकडे जाईल. चॅनेल मात्र वेगळे असावेत; २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हेच एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून एकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ द्यावा. एका राउटरवरून दुसऱ्यावर कधी जायचे हे मोबाइल स्वतः ठरवतो आणि काही मोबाइल जुना सिग्नल उगाच धरून बसतात. तसे झाल्यास मुख्य राउटरची प्रक्षेपणशक्ती थोडी कमी करून पाहावी.

सदनिका ५०३: दुसरी केबल लावून पाहिली. आता वेग १९० च्या आसपास आहे. जुनी केबल दाराच्या फटीत चेपली गेली होती.