मलेशियात अम्नो आणि पासचं धर्मावरून भांडण कशासाठी?

प्रश्न: अम्नो (मलय राष्ट्रवादी पक्ष) आणि पास (इस्लामी पक्ष) हे दोन्ही मलय मुसलमानांचेच ना, मग धर्मावरून एवढं का भांडतात?

प्रतिसाद १: अरे मतदार एकच आहे म्हणून तर! पास १९५१ साली अम्नोतल्याच उलेमांनी काढला. १९८१ला पासच्या हादी अवांगचं, अम्नोविरुद्धचा लढा म्हणजे जिहादच असं सांगणारं भाषण झालं आणि मग काही गावांत एकाच मशिदीत दोन इमाम, दोनदा नमाज, दुसऱ्या पक्षाच्या शेजाऱ्याने कापलेलं मांससुद्धा लोक खाईनात. वाचून फार वाईट वाटलं मला.

प्रतिसाद २: २००१ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान, अम्नोचे महाथीर यांनी मलेशिया इस्लामी राष्ट्र आहेच असं जाहीर केलं, पासचा मुद्दाच काढून घ्यायला. २००४ला पास आपटला खरा पण २०२२ला संसदेत सगळ्यात मोठा पक्ष झाला.

प्रतिसाद ३: यात तिथल्या चिनी-तमिळ लोकांना कोण विचारतं? घटनेत त्यांनाही धर्म पाळायची मोकळीक दिलीय ना!