एसआयपी छताचे सांधे: आतून टेप हवीच का, की फोम पुरे?

प्रश्न
मिनेसोटात एसआयपी पॅनेलचं (कारखान्यात तयार झालेल्या उष्णतारोधक पॅनेलचं) घर बांधतोय. भिंती साडेसहा इंची, छत सव्वादहा इंची, दोन्ही अंगांना ओएसबी (लाकडाचे तुकडे दाबून केलेली फळी), मध्ये ईपीएस (थर्माकोलसारखा फोम). उतरतं छत, वर माळा नाही. कंत्राटदार म्हणतो, सांध्यात फोम मारला की झालं, टेपचा खर्च वाया. खरं का?

उत्तर १
टेप अजिबात सोडू नका. अलास्कातल्या जुनो गावात अशीच एसआयपी छतं कुजली, आणि कुज नेमकी सांध्यांच्या रेषेवर होती. घरातली ऊबदार, दमट हवा वर चढून आढ्यापाशी येते, सांध्याच्या फटीतून निसटते आणि बाहेरच्या गार ओएसबीला लागून तिचं पाणी होतं. वर शिंगल (कौलांसारखं छपराचं आवरण), खाली फोम, मग सुकणार कुठून? आधी ओएसबीची कड फुगते, वर शिंगलची रांग उचललेली दिसते. शेवटी लाकूड बोटाने कुस्करतं.
थंडीत मारलेला फोम नीट फुलत नाही. आत पोकळी राहिली तरी वरून कळत नाही.

उत्तर २
काम असं करून घ्या. स्प्लाइन (दोन पॅनेल जोडणारी पट्टी) बसवण्याआधी ओएसबीच्या आतल्या बाजूंना मॅस्टिकची (फट बुजवणाऱ्या चिकट लुकणाची) सलग रेघ, तुटक ठिपके नकोत. पॅनेल-पॅनेलमध्ये १/८ इंच फट, मग फोम, मग आतून ६ इंची टेप. आढ्याला १२ इंची घ्या.
इथेच बहुतेक जण चुकतात: आढ्याच्या तुळईवरची टेप पॅनेल चढवण्याआधीच पसरायची असते. क्रेनने पॅनेल एकदा टेकलं की तिथे हात जात नाही.
ड्रायवॉलच्या (आतून लावायच्या जिप्सम तक्त्यांच्या) आधी ब्लोअर डोअर टेस्ट करा, म्हणजे दारात पंखा लावून घराची हवागळती तपासा. पंखा हवा बाहेर ओढत असताना सांध्यापाशी उदबत्ती धरा. धूर सांध्यापासून दूर ढकलला गेला, तर तिथे गळती आहे.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. वायरिंगसाठी नंतर खाच मारली तर चालेल?

उत्तर १
आडवी खाच तर मुळीच नको. भार ओएसबीच पेलतो, तो कापला की पॅनेलचा जोर गेला. कारखान्यातच फोममध्ये नळीची वाट पाडून मागवा आणि वायर ओढल्यावर तिची तोंडं फोमने बुजवा, नाहीतर तीच हवेची वाट होते.

उत्तर ३
शिंगलखाली दीड इंची उभ्या पट्ट्या ठोकून वळचणीपासून आढ्यापर्यंत हवा खेळती ठेवा. चुकून ओल शिरलीच तर सुकायला वाव मिळतो. टेपचं काम मात्र या पट्ट्या करत नाहीत. आणि एवढ्या घट्ट घराला एचआरव्ही किंवा ईआरव्ही (आतली ऊब राखून हवा बदलणारं यंत्र) लागतंच, ते नकाशातच दाखवून घ्या.