पाच उड्या पूर्ण झाल्या की माणूस खरा पॅराट्रूपर होतो का?

घाटमाथा
परवा भाच्याशी जोरदार वाद झाला. त्याच्या मते महेंद्रसिंग धोनी हा खराखुरा पॅराट्रूपर, म्हणजे विमानातून छत्रीने उतरणारा सैनिक, कारण ऑगस्ट २०१५ मध्ये त्याने आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पाच उड्या पूर्ण करून विंग्ज (छत्रीसैनिकाचा पंखांचा बिल्ला) मिळवले. धोनीबद्दल मला आदर आहे. प्रादेशिक सेनेतलं (टेरिटोरियल आर्मी) मानद लेफ्टनंट कर्नलपद नुसतं मिरवलं असतं तरी कुणी जाब विचारला नसता.

पण माझ्या डोळ्यांसमोर ११ डिसेंबर १९७१ ची संध्याकाळ येते. बांगलादेश युद्धात ढाक्याच्या वायव्येला टांगाईलजवळ २ पॅरा ही पलटण छत्रीने उतरली. ही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण, १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेलेली. मैमनसिंगकडून ढाक्याकडे मागे हटणारी पाकिस्तानी ब्रिगेड अडवायची, म्हणून पुंगलीचा पूल हवा होता. अंधार पडताना परक्या भातशेतात उतरायचं, विखुरलेली माणसं आणि सामान गोळा करायचं, पूल घ्यायचा आणि रात्रभर हल्ले परतवून तो धरून ठेवायचा. उडी म्हणजे तिथवर पोचायचं वाहन. खरं काम पाय जमिनीला लागल्यावर सुरू होतं.

देवळालीकर
असहमत. मी प्रादेशिक सेनेच्या पॅरा पलटणीत होतो, म्हणून लिहितोय.

त्या वाहनाच्या दारात एकदा उभे राहा, साहेब. एएन-३२ या मालवाहू विमानाच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पाठीवर मुख्य छत्री, पुढे राखीव छत्री, उडी मारताच छत्री आपोआप उघडणाऱ्या दोरीचा, स्टॅटिक लाइनचा, हुक विमानातल्या तारेला अडकवलेला. उड्या मारून घेणारा जंपमास्टर ओढून बघतो, तरी आपण पुन्हा ओढून बघतोच. लाल दिव्याचा हिरवा झाला की विचार करायला वेळ नसतो. माझी पहिली उडी भीती कळायच्या आतच झाली. दुसऱ्या वेळी मात्र पुढे काय आहे ते ठाऊक होतं. पाय शिशाचे झाले होते.

शिवाय लढाई वाट्याला येणं शिपायाच्या हातात नसतं. टांगाईलनंतर आपण अख्खी पलटण छत्रीने लढाईत उतरवलेली नाही. मग १९७२ नंतर भरती झालेले सगळे अर्धवट का?

घाटमाथा
अर्धवट मी कुणालाच म्हटलं नाही. पण तुमच्याच मुद्द्यावरून सांगतो. ऑगस्ट १९६५ मध्ये काश्मीरमधली हाजीपीर खिंड १ पॅराने घेतली. मेजर रणजितसिंग दयाल आणि त्यांची माणसं भर पावसात, रात्री, पायी डोंगर चढून गेली. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधला उठाव मोडायला ६ पॅरा गेली तेव्हा विमानं थेट तिथल्या हुलुले विमानतळाच्या धावपट्टीवर उतरली. दोन्हीकडे कुणीही उडी मारली नाही. तरी पॅराट्रूपर म्हटलं की मला हीच माणसं आठवतात.

खडकीची लेक
तुम्ही दोघंही फक्त पायदळाचं बोलताय.

६० पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्स ही लष्करी डॉक्टरांची तुकडी आठवा. कोरियात २३ मार्च १९५१ ला मुनसान-नी इथे अमेरिकन छत्रीसैनिकांबरोबर लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज आपल्या काही माणसांसह उतरले. गेले होते जखमींवर उपचार करायला. घाटमाथा, तुमच्या व्याख्येत हे डॉक्टर कुठे बसतात? पूल घेणाराच खरा म्हटलं तर ते बाहेरच राहतात.

माझे बाबा बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातले, पॅरा फील्ड कंपनीतले. एसटीच्या पायरीवरून उतरतानासुद्धा ते नकळत पावलं आणि गुडघे जुळवत. जमिनीवर पडताना हाडं वाचवायची ती सवय सत्तरीतही गेली नाही. शेवटी गुडघ्यांनी फार छळलं त्यांना. त्यांनी पूल उडवायचं शिक्षण घेतलं, सुरुंग काढले, लढाईत उडी मारायची वेळ आली नाही. त्यांना कुणी खोटं म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

देवळालीकर
ताई, बाबांना माझा सलाम.

घाटमाथा, मला वाटतं तुमच्या मनात दोन गोष्टींची गल्लत होतेय. २०१९ च्या विश्वचषकात धोनीच्या ग्लोव्हजवरच्या ज्या चिन्हावर आयसीसीने आक्षेप घेतला ते 'बलिदान' चिन्ह पॅरा स्पेशल फोर्सेसचं. त्यासाठीची निवड वेगळी, तिथली छाननी कितीतरी कठोर. तुमची कसोटी तिथे लावा, मी एका शब्दाने अडवणार नाही. विंग्ज मात्र आग्र्याच्या उड्या पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाचे. धोनी त्या मालपुऱ्याच्या मैदानावर तुमच्या-माझ्यासारखाच धपकन पडला असणार. २०१९ मध्येच पुढे तो आपल्या टेरिटोरियल पलटणीबरोबर काश्मीरमध्ये दोन आठवडे राहिलाही.

घाटमाथा
रंगराजांचा दाखला बिनतोड आहे, ताई. 'खरं काम' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त रायफल होती, ही माझी चूक. तुमचे बाबाही माझ्या यादीत पहिल्यापासून असायला हवे होते.

धोनीबाबत मात्र मी अर्ध्यावरच येतो. विंग्ज त्याने कमावले, हे भाच्याला आज फोन करून कबूल करतो. पण दोन आठवडे राहून परत येणं आणि पंधरा-वीस वर्षं कुठल्याही रात्री बोलावणं येईल म्हणून तयार राहणं, या दोन्हींना एकच शब्द वापरताना माझी जीभ अजून अडखळते.

देवळालीकर
अडखळू दे. मग आम्हा टेरिटोरियलवाल्यांचं काय? वर्षातले काही महिने वर्दी, बाकी शेती नाहीतर दुकान. बोलावणं आम्हालाही येतंच की. याचं उत्तर द्या, मग फोन करा भाच्याला.